मेमरी फोमची गादी : पारख कशी करावी ?

गादी करावयाची म्हणजे पूर्वी पिंजाऱ्याला बोलावणे जाई. सकाळपासून धनुकलीचा टणत्कार सुरू होई, अंगणात कापसाचा ढीग वर वर चढत जाई, आणि घरातील एखादी वडीलधारी बाई ओटीवर बसून कोणत्या खोळीत किती कापूस गेला याचा हिशेब ठेवी. कापूस नवा किती, जुना किती, त्यात कचरा किती, हे सारे डोळ्यांदेखत असे. चार-पाच वर्षांनी गादी दबली, तिच्यात गोळे झाले, की तीच खोळ उसवून तोच कापूस पुन्हा पिंजून घेता येई. निवड थोडीफार चुकली तरी ती सुधारण्याची सोय होती.

फोमच्या गादीची गोष्ट वेगळी आहे. ती कारखान्यातून खोळीत शिवूनच येते. आत काय आहे ते दिसत नाही; आणि जे काही आहे ते एकदा बसले, की कोणत्याही पिंजाऱ्याला ते पुन्हा फुलवता येत नाही. तेव्हा तिची पारख एकदाच आणि पैसे मोजण्यापूर्वीच करावी लागते. इंदूरच्या, बडोद्याच्या किंवा बेळगावच्या बाजारात पाहा : एकाच मापाच्या, एकाच उंचीच्या दोन गाद्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात, दोहोंवर 'मेमरी फोम' अशीच चिठ्ठी असते आणि एकीची किंमत दुसरीच्या दुप्पट-तिप्पट असते. कारण विचारले तर दुकानदार म्हणतो, "ही भारी क्वालिटी आहे." भारी म्हणजे नेमके काय, हे तो सांगत नाही आणि आपणही खोलात शिरत नाही. श्रोतेहो, माझे म्हणणे एवढेच आहे, की 'भारी' हा शब्द येथे अगदी अक्षरशः घ्यावा. फोमची पहिली परीक्षा वजनाने होते; बाकीच्या परीक्षा त्यानंतरच्या.

प्रथम या नावाविषयी थोडे सांगतो, कारण नावाभोवती बरीच दंतकथा जमली आहे. अंतराळवीरांच्या बिछान्यासाठी हा फोम तयार झाला, असे कित्येकदा सांगण्यात येते. वस्तुस्थिती तशी नाही. अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेचे कॅलिफोर्नियात एम्स संशोधन केंद्र आहे. त्या केंद्रासाठी काम करताना चार्ल्स योस्ट या अभियंत्याने १९६६ साली हा फोम बनविला, आणि तो विमानातील आसनांसाठी होता. अपघाताचा धक्का शोषून घेईल आणि लांबच्या प्रवासात अंगाला रुतणार नाही अशी बैठक हवी होती. दाबला असता हळूहळू खचणारा आणि दाब काढला असता हळूहळू पूर्ववत होणारा असा हा फोम निघाला. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याची कृती सर्वांना खुली झाली, आणि १९९१ साली स्वीडनच्या फागेरदाला या कंपनीने त्याची गादी बाजारात आणली. 'नासा'चे नाव सांगून कोणी गादी खपवू लागला, तर त्या नावाचा या विशिष्ट गादीच्या दर्जाशी काहीही संबंध नाही, हे लक्षात असू द्यावे. कृती खुली असल्यामुळे चांगला फोमही तिच्यातून निघतो आणि कामचलाऊही निघतो.

फोम होतो कसा ? पॉलिओल नावाचे दाट, तेलकट द्रव्य आणि आयसोसायनेट नावाचे दुसरे रसायन यांचा संयोग झाला, की पॉलियुरेथेन तयार होते. हा मार्ग जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो बायर याने १९३७ साली दाखवून दिला. मिश्रणात थोडे पाणी घातले, की आयसोसायनेटशी त्याची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, मिश्रण फसफसून वर येते आणि फुगता फुगताच घट्ट होते. आंबलेल्या पिठाच्या सान्नाला जाळी पडावी, तसाच हा प्रकार. आता सान्ना करणाऱ्या बाईला हे सांगावयास नको, की तेवढ्याच पिठात जास्त फुगवटा आणला तर ताट भरलेले दिसते, पण पोटात जाते ते पीठ तेवढेच. फोमच्या कारखानदारालाही हे पक्के ठाऊक असते. रसायने महाग आणि हवा फुकट; त्यामुळे गादीच्या तेवढ्याच उंचीत हवा किती आणि माल किती, यावरच किमतीचा बराचसा खेळ चालतो.

साधा फोम आणि मेमरी फोम यांत भेद आहे तो रेणूंच्या साखळ्यांच्या चपळपणाचा. साध्या फोमच्या साखळ्या घरातल्या कोणत्याही थंडीत सैल असतात. त्यांना काचेसारखा ताठरपणा यावयास पारा शून्याखाली पुष्कळ खाली जावा लागतो. मेमरी फोममध्ये रसायनांची निवडच अशी करतात, की हा बदल खोलीच्या तापमानाच्या आसपास घडावा. तूप थिजते आणि पातळ होते, त्याची येथे आठवण करावी. अंगाची ऊब लागली की फोम तेवढ्यापुरता मऊ होतो, खांदा आणि कंबर यांना जागा करून देतो. ऊब गेली की पुन्हा आवळतो. यात स्मरणशक्तीचा भाग काही नाही. मूळ आकाराकडे सावकाश परतण्याला कोणीतरी 'मेमरी' म्हटले आणि ते नाव रूढ झाले.

या गुणाचा एक परिणाम दुकानात कोणी सांगत नाही. ग्वाल्हेरीस पौषाच्या पहाटे पारा पाच-सात अंशांवर उतरतो. तेथे तीच गादी अंथरुणात शिरताना फळीसारखी लागेल आणि काही वेळाने सैल पडेल. गोव्यात वैशाखात तीच गादी पाठ टेकताक्षणी खचेल. म्हणून दुकानाच्या वातानुकूलित दालनात दोन मिनिटे पडून 'मऊ आहे' किंवा 'कडक आहे' असा निकाल देणे धोक्याचे. आपल्या निजण्याच्या खोलीत वर्षभर हवा कशी असते याचा विचार करूनच मऊ-कडकपणा ठरवावा.

आता मुख्य मुद्दा. दुकानात मेमरी फोमचा एक तुकडा नेहमी ठेवलेला असतो. विक्रेता त्यावर पंजा दाबतो, पंजाचा ठसा उमटतो, मग तो ठसा सावकाश भरून येतो, आणि गिऱ्हाईक खूश होते. परंतु हा ठसा हलक्यात हलक्या मेमरी फोमवरही उमटतो. फोम त्या जातीचा आहे एवढेच त्यावरून सिद्ध होते; तो किती वर्षे टिकेल हे त्यावरून मुळीच कळत नाही. ते सांगते ती घनता, म्हणजे दुकानातील भाषेत 'डेन्सिटी'. एक घनमीटर फोमचे वजन जितके किलोग्रॅम, तितकी त्याची डेन्सिटी. '४० डेन्सिटी' याचा अर्थ घनमीटरला ४० किलो. परदेशी बनावटीच्या गाद्यांवर हाच आकडा घनफुटाला पौंडांत दिलेला असतो. त्याला १६ ने गुणले की आपला आकडा मिळतो. ३ पौंडी म्हणजे ४८, ४ पौंडी म्हणजे ६४, ५ पौंडी म्हणजे ८०.

घनता जास्त म्हणजे जाळीच्या भिंतींत माल जास्त. रोज रात्री सात-आठ तास साठ-सत्तर किलोचे वजन त्या भिंतींवर पडते आणि त्या वाकतात. सकाळी त्या पुन्हा उभ्या राहतात. पातळ भिंती हजार-दोन हजार रात्रींनंतर थकतात आणि मग जेथे कंबर टेकते तेथे खळगा पडतो. ४८ च्या खालचा मेमरी फोम मी हलका समजतो. पाहुण्यांच्या खोलीत, वर्षातून दहा-वीस वेळा वापरावयाच्या गादीला तो चालेल. रोजच्या वापराला वरचा थर ५० किंवा त्याहून अधिक घनतेचा असावा, आणि झोपणारी माणसे अंगाने भारी असतील तर ६० च्या पुढेच जावे. ८० चा फोम महाग पडतो, उष्णताही अधिक धरतो. सर्वांनीच त्याच्या मागे लागण्याचे कारण नाही.

हा आकडा दुकानदाराच्या तोंडून ऐकून मान डोलवावी असे मात्र नाही. तो पडताळून पाहण्याची युक्ती शाळेतल्या मुलालाही जमेल अशी आहे. दहा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असा फोमचा ठोकळा घ्या. त्याचे घनफळ बरोबर एक लिटर. या ठोकळ्याचे वजन जितके ग्रॅम भरेल, तितकीच त्या फोमची घनता. ५० ग्रॅम भरला तर ५०, ३० भरला तर ३०. गुणाकार-भागाकाराची गरजच नाही. तुकडा पाच सेंटिमीटरच जाड असेल तर वजनाची दुप्पट करावी. घरातला स्वयंपाकाचा वजनकाटा यास पुरतो. नमुन्याचा तुकडा मागितल्यावर जो दुकानदार आनंदाने देतो, त्याच्याशी पुढे बोलावे.

अख्खी गादीही तोलता येते. समजा, गादी दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच आहे, आणि सांगितले असे जाते, की वरचे पाच सेंटिमीटर ५० डेन्सिटीचा मेमरी फोम व खालचे दहा सेंटिमीटर ३२ डेन्सिटीचा साधा फोम. वरच्या थराचे घनफळ एक दशांश घनमीटर; त्याचे वजन ५ किलो झाले पाहिजे. खालच्याचे घनफळ दोन दशांश घनमीटर. त्याचे ६ किलो ४०० ग्रॅम. एकूण ११ किलो ४०० ग्रॅम, आणि खोळीचे एक-दोन किलो वर. आता ही गादी तोलली आणि खोळीसकट नऊच किलो भरली, तर सांगणारा थरांच्या जाडीविषयी खोटे बोलत आहे किंवा घनतेविषयी. कोणत्या बाबतीत, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. कागदावर वजन छापलेले असेल तर हा हिशेब दुकानात उभ्या उभ्या होतो. घरपोच मागविलेल्या गादीच्या खोक्यावर बहुधा वजन असते. ते जरूर वाचावे.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे, नाहीतर वजनाचा हा नियमच आपल्याला फसवील. वजन कमी भरले तर माल हलका, हे निश्चित. परंतु वजन पुरेसे भरले म्हणजे माल उत्तमच, असे मात्र उलटून म्हणता येत नाही. फोम तयार करताना त्यात खडूच्या जातीची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मिसळता येते. तिने वजन वाढते, बळ वाढत नाही. दुधात पाणी घालणाऱ्याचा हा थोरला भाऊ. असा फोम हाताला किंचित खरखरीत लागतो, दोन बोटांत धरून ओढला असता लवकर फाटतो, आणि कापलेल्या कडेवर अंगठा जोराने घासला तर पीठ सुटल्यासारखे वाटते. दुसरी गोष्ट 'रिबाँडेड' फोमची. कारखान्यातील फोमचे उरलेसुरले तुकडे बारीक करून, चिकटवून, दाबून तो बनवितात. निरनिराळ्या रंगांचे ठिपके त्यात स्पष्ट दिसतात. त्याची घनता ८० किंवा १०० देखील असते. तो वाईट असतो असे नाही, खालच्या कडक थराला तो पुष्कळ ठिकाणी वापरतात. परंतु '१०० डेन्सिटी' हा त्याचा आकडा दाखवून '५० डेन्सिटी'च्या मेमरी फोमपेक्षा तो दुप्पट चांगला, असे कोणी म्हणू लागला तर ते ऐकू नये. घनतेची तुलना एकाच जातीच्या दोन फोमांमध्येच करावयाची असते. शेर भर भाताची शेर भर कोंड्याशी तुलना करून काय मिळणार ?

घनता आणि काठिण्य या दोन गोष्टींची गल्लत तर सर्रास होते. 'हाय डेन्सिटी आहे, म्हणून कडक आहे', असे दुकानात नेहमी ऐकू येते. ते खरे नाही. घनता म्हणजे माल किती. काठिण्य म्हणजे दाबावयास जोर किती लागतो. घनता तीच ठेवून रसायनांच्या फेरफाराने फोम मऊ किंवा कडक करता येतो. काठिण्य मोजण्याची रीत अशी : ३८ सेंटिमीटर चौरस आणि १० सेंटिमीटर जाड नमुन्यावर २० सेंटिमीटर व्यासाची गोल तबकडी दाबतात आणि जाडी चतुर्थांशाने कमी होण्यास किती जोर लागतो ते नोंदतात. ज्याने-त्याने आपल्या शरीराप्रमाणे निवडावयाचा गुण आहे तो हा. घनतेच्या बाबतीत आवडीनिवडीचा प्रश्न येत नाही.

'पाठ दुखते ना, मग फळीवर झोपा', हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. त्याविषयी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. स्पेनमध्ये ३१३ प्रौढ माणसांवर तो झाला. या सर्वांना दीर्घकाळची कंबरदुखी होती. काहींना कडक आणि काहींना मध्यम-कडक गाद्या दिल्या; कोणाला कोणती मिळाली हे त्यांना कळू दिले नाही. तीन महिन्यांनंतर मध्यम-कडक गादीवरील लोकांचे दुखणे व अडचण दुसऱ्यांपेक्षा कमी झालेली आढळली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००३ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. तो मेमरी फोमविषयी नव्हता, काठिण्याविषयी होता. परंतु अतिकडक गादीचा आग्रह धरणाऱ्या घरातील वडील मंडळींनी त्याचा विचार करावा. आणि 'ऑर्थोपेडिक' हा शब्द खोळीवर छापलेला असला म्हणून हुरळून जाऊ नये. तो शब्द काठिण्याच्या किंवा घनतेच्या कोणत्याही एका ठरीव मापाला बांधलेला नाही. डॉक्टरांनी काही सांगितले असेल तर ते ऐकावे. खोळ काय सांगते ते नव्हे.

मघाशी आपण थरांचा हिशेब केला. संपूर्ण मेमरी फोमची गादी सहसा कोणी करीत नाही, आणि करूही नये. ती बुडत जाईल. वर दोन-तीन इंच मेमरी फोम आणि खाली आधार देणारा साधा किंवा 'एचआर' जातीचा लवचीक फोम, ही योग्य रचना. लबाडीला वाव राहतो तो येथे. आठ इंची गादीत अर्धा-पाऊण इंचाचा मेमरी फोम खोळीच्या आत टाकला, तरी गादीचे नाव 'मेमरी फोम'च राहते. एवढ्या पातळ थरातून खांद्याचे हाड सरळ खालच्या थरावर टेकते. खालचा थर हलका असेल तर वरचा कितीही उत्तम असून उपयोग नाही. घराचा पाया खचला की भिंतींचा रंग पाहावयाचा नसतो. रोजच्या वापरासाठी खालच्या थराची घनता ३२ किंवा अधिक असावी. तेव्हा प्रश्न विचारावयाचा तो असा : "प्रत्येक थर किती इंचांचा, कोणत्या जातीचा आणि किती डेन्सिटीचा ?" तीन थर असतील तर तिन्हींचे आकडे पावतीवर लिहून घ्यावेत. खोळीला साखळी असेल तर ती उघडून फुटपट्टी लावण्यास संकोच करू नये.

फोमची टिकाऊपणाची आणखी एक परीक्षा प्रयोगशाळेत होते. नमुना दाबून अर्ध्या जाडीचा किंवा त्याहूनही कमी करतात, त्या स्थितीत ७० अंश सेल्सिअस उष्णतेत २२ तास ठेवतात, आणि सोडल्यावर तो किती परत येतो आणि किती कायमचा दबलेला राहतो ते पाहतात. कायमचे दबणे जितके कमी तितके बरे. मोठ्या कंपन्यांजवळ हे आकडे असतात. मागितले तर मिळू शकतात. घरी आणलेल्या नमुन्याच्या तुकड्यावर रात्रभर पाटा ठेवून सकाळी तो पूर्ण उंचीवर येतो की नाही हे पाहणे, ही त्या परीक्षेची गरीब नक्कल झाली. परंतु अगदीच रद्दी माल तिच्यातही उघडा पडतो.

वासाविषयी पुष्कळांना चिंता वाटते. गुंडाळून, दाबून आलेली गादी उघडली की रसायनाचा वास येतो. फोममध्ये अडकलेली बाष्पशील द्रव्ये बाहेर पडत असतात. खिडक्या उघड्या ठेवल्या की काही दिवसांत तो बहुधा जातो. दमेकरी माणूस घरात असेल तर तेवढे दिवस त्याची निजण्याची जागा बदलावी. आठवडे गेले तरी वास हटत नसेल तर गादी परत करावी. अमेरिकेत २००८ साली सुरू झालेले 'सर्टिप्युअर-यूएस' नावाचे एक प्रमाणपत्र आहे. फॉर्माल्डिहाइड, पारा-शिशासारखे जड धातू, काही आगविरोधी द्रव्ये फोममध्ये नाहीत आणि बाष्पशील द्रव्यांचे प्रमाण मर्यादेत आहे, याची त्यात तपासणी होते. ते असणे चांगलेच. पण गादी आपल्या अंगाला मानवेल की नाही आणि तिची डेन्सिटी किती, याची ग्वाही त्या शिक्क्यात शोधू नये.

आपल्या हवेत खरा त्रास उष्णतेचा आहे. मेमरी फोम अंगाला चहूबाजूंनी बिलगतो आणि त्याची जाळी वारा फारसा खेळू देत नाही. हैदराबादच्या उन्हाळ्यात किंवा गोव्याच्या दमट रात्री पाठ भिजून निघते. त्यावर उपाय म्हणून 'जेल' मिसळलेला फोम विकतात. पहिला काही वेळ तो गार लागतो. अंगाइतका तापला, की त्याचा गारवा संपला. त्यापेक्षा सुती खोळ, जाड सुती चादर आणि वरून पंखा यांचा उपयोग अधिक. ज्यांना मुळातच उकाडा सोसत नाही त्यांनी साध्या चांगल्या फोमचा किंवा आपल्या जुन्या कापसाच्या गादीचा विचार करण्यात कमीपणा कसला ?

पावसाळ्यात कोकणपट्टीत आणि बेळगावाकडे जमिनीवर थेट फोमची गादी घालू नये. अंगाचा घाम आणि फरशीची ओल यांच्यामध्ये ती सापडते आणि खालून बुरशी धरते. पट्ट्यांचा पलंग, किंवा भोके पाडलेली फळी बरी. कापसाच्या गादीप्रमाणे ती कडक उन्हात टाकण्याचाही मोह आवरावा. उन्हाने पॉलियुरेथेन पिवळे पडते आणि कुसकरू लागते. सावलीत, वाऱ्यावर उभी करून ठेवणे पुरे. वरचा थर एकाच बाजूला असल्यामुळे ही गादी पालथी घालावयाची नसते. दर तीन-चार महिन्यांनी उशाकडची बाजू पायथ्याशी करावी.

काही माणसांना ही गादी देऊ नये, हे स्पष्ट सांगतो. तान्ह्या मुलाला तर कधीही नाही. मऊ, खचणाऱ्या पृष्ठभागात त्याचे नाक-तोंड रुतले तर ते वळवून घेण्याची शक्ती त्याला नसते. त्याची जागा कडक आणि सपाट हवी. फार वृद्ध किंवा संधिवाताने जखडलेल्या माणसाला या फोमवर कूस बदलणे जड जाते, कारण ज्या खळग्यात शरीर बसलेले असते त्यातून वर चढून वळावे लागते. अशांसाठी वरचा थर पातळ आणि कड घट्ट असलेली गादी पाहावी, म्हणजे कडेवर बसून उठता येते. उलट, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या शरीराचा दाब चांगला मेमरी फोम अधिक जागेवर पसरवून देतो, आणि टाचा, कंबर, माकडहाड यांवर शय्याव्रण होण्याचा धोका कमी होतो. कमी होतो, नाहीसा होत नाही. शुश्रूषा करणाऱ्या घरच्या मंडळींनी 'आता भारी गादी आणली' म्हणून रुग्णाची कूस बदलण्यात कुचराई केली, तर गादी त्याला वाचवू शकणार नाही.

आगीविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत. पॉलियुरेथेन फोम एकदा पेटला की झपाट्याने जळतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू असतात. आपल्याकडे डासांची कासवछाप वेटोळी उदबत्ती पलंगाखाली लावून ठेवण्याची सवय घरोघर आहे. फोमच्या गादीखाली ती कदापि ठेवू नये. लोंबणारी चादर आणि निखारा यांची गाठ पडावयास वेळ लागत नाही. बिडी-सिगारेट अंथरुणात ओढणाऱ्यांनी तर ही गादी घेऊच नये.

राहता राहिले हमीपत्र. दहा वर्षांची हमी, असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. खालच्या बारीक अक्षरांत खळगा किती खोल पडला म्हणजे तो दोष मानावयाचा याचे माप असते. ते पुष्कळदा एक किंवा दीड इंच असते. अंगाखालून इंचभर खळगा पडेपर्यंत कंबरेने तक्रार केव्हाच सुरू केलेली असते, आणि फोम नुसता मऊ पडला तर तो हमीत बसतच नाही. म्हणून ते माप घेण्यापूर्वी वाचावे, आणि दोन कंपन्यांच्या हमीची तुलना वर्षांच्या आकड्यावर न करता या मापावर करावी. काही विक्रेते शंभर रात्री वापरून पाहण्याची मुदत देतात. परत नेण्याचा खर्च कोणाकडे आणि खोळीवर डाग पडला तर काय, हे दोन प्रश्न त्या वेळी विचारावेत. गादी आली की पहिल्याच दिवशी तिची उंची तीन-चार ठिकाणी मोजून पावतीच्या पाठीवर तारखेसह लिहून ठेवावी. पुढे कधी शंका आली तर गादीवरून काहीही ओझे नसताना एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ताणून दोरी धरावी आणि दोरीपासून खळग्याच्या तळापर्यंत फुटपट्टी लावावी. कंपनीचा माणूस आला म्हणजे तोही एवढेच करतो.